धीराने सापडलेले नाणे

(आमोणे, ता. डिचोली येथे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी मला दोनदा विचारले, ‘सर, विषय हाच ना?’ साहित्याच्या प्राध्यापकाने कवितेवर बोलावे, कादंबरीवर बोलावे, अगदीच झाले तर शुद्धलेखनावर बोलावे. मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधण्यावर त्याने का बोलावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका वाक्यात देणार नाही. पाऊण तास आपल्याजवळ आहे आणि धीर हाच आजचा विषय आहे, तेव्हा आपणही थोडा धीर धरू.

गेली काही वर्षे आपल्या भागातील तरुणांच्या हातात हे यंत्र दिसू लागले आहे. दुकानात जावे लागत नाही, घरपोच येते. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल तबकडी, वर मुठीपाशी एक छोटा पडदा आणि कानाला लावायचे हेडफोन. हे यंत्र घेऊन माणूस भाटात उतरला की शेजारी कुंपणावरून विचारतात, ‘काय रे, हंडा मिळाला?’ आपल्याकडे जमिनीखालच्या धनाच्या गोष्टी कमी नाहीत. धनावर नाग असतो, राखणदार असतो, अमुक आंब्याच्या मुळाशी अवसेच्या रात्री उजेड दिसतो. बेताळाच्या आमोण्यात उभे राहून मी या गोष्टींची थट्टा करणार नाही. त्या गोष्टींत एक शहाणपण आहे, त्याकडे मी नंतर येतो.

आधी यंत्र कसे चालते ते साध्या भाषेत पाहू. तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून बदलता वीजप्रवाह जातो, त्यामुळे खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात लहानसे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र उलट वर येते. यंत्र ते टिपते आणि त्याचा आवाज करते. चांगल्या यंत्रात लोखंडाचा आवाज खर्जातला असतो, तांब्या-चांदीचा वरच्या पट्टीतला. एकटे पडलेले लहान नाणे वीतभर खोलीपर्यंत कळते, फार तर थोडे अधिक. सिनेमात दाखवतात तसे पुरुषभर खोलीवरचे एकटे नाणे असल्या साध्या यंत्राला कळत नाही.

आता आपल्या मातीची गोष्ट. डिचोली आणि सत्तरी म्हणजे लोहखनिजाची भूमी. मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्जेस जाताना पाहत माझी पिढी वाढली. आपला चिरा लाल आहे तो लोहामुळेच. अशा जमिनीवर यंत्र धरले की ते सतत बोलत राहते. इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात जे यंत्र शहाण्यासारखे गप्प बसते, ते आपल्या भरडावर पावला-पावलाला ओरडते. मग त्याला ‘ही माती, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस’ असे शिकवावे लागते. तबकडी जमिनीजवळ वरखाली करत, मातीचा स्वतःचा आवाज शांत होईपर्यंत यंत्र जुळवायचे. दहा पावले पुढे गेल्यावर माती बदलते, पुन्हा जुळवायचे. त्यात बाटल्यांची बुचे, तारेचे तुकडे, खिळे, तंबाखूच्या पुड्यांची चमचमती वेष्टने. पातळ ॲल्युमिनियम आणि लहान नाणे यांचे आवाज पुष्कळदा इतके सारखे असतात की खणल्यावाचून फरक कळत नाही.

म्हणजे या भूमीत नाणे शोधणे हे मुख्यतः ऐकण्याचे काम आहे. शंभर आवाजांतून एक आवाज वेगळा ऐकू येईपर्यंत कान तयार करावा लागतो. गाणे शिकलेल्यांना हे सांगायला नको.

माझा एक माजी विद्यार्थी याच तालुक्यातला आहे. त्याने पहिल्या पगारातून हे यंत्र घेतले. घरच्यांची परवानगी घेऊन तो घरच्याच काजूच्या भाटात फिरू लागला. पहिल्या रविवारी दुपारपर्यंत त्याने जवळजवळ प्रत्येक आवाजाला खड्डा खणला. हाती आले ते बाटल्यांची बुचे, एक कोयत्याचे पाते आणि गुरांच्या गळ्यातल्या घुंगराचा अर्धा तुकडा. त्याच्या आजीने विचारले, ‘बाबू, भाट राखायला गेलास की उकरायला?’ त्या प्रश्नाने तो वरमला आणि माझ्याकडे आला. यंत्राबद्दल मला काय कळणार? मी त्याला एक वही दिली. म्हटले, ‘कोशकार शब्द गोळा करतो तसे कर. शब्द कुठे ऐकला, कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या वाक्यात ऐकला, हे लिहिल्याशिवाय तो शब्द पुढे नेत नाहीत.’

पुढचे चार महिने त्याने भाटाचा नकाशा केला. पायवाट कुठे, जुनी विहीर कुठे, पडके जोते कुठे, पाणी कुठून वाहते, हे आजीला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून घेतले. मग दोऱ्या लावून चौकोन पाडले. एका रविवारी एकच चौकोन, सावकाश, तबकडीची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. प्रत्येक आवाज वहीत: कोणता चौकोन, किती खोल, काय निघाले. बूच निघाले तरी लिहायचे. पावसाळ्यात काम बंद. दिवाळीनंतर पुन्हा सुरू. आणि एका सकाळी, आजीने सांगितलेल्या जुन्या पायवाटेच्या कडेला, वीतभर खोलीवर एक तांब्याचे नाणे निघाले. हिरवट, कड झिजलेली, एका बाजूला काहीतरी अक्षरासारखे.

त्याने मला फोन केला तेव्हा आवाजात आनंद होता. त्याबरोबर दोन प्रश्न होते, आणि आजचे सारे व्याख्यान त्या दोन प्रश्नांवर आहे. पहिला प्रश्न: ‘सर, चिंच आणि राख लावून घासू का, अक्षर दिसेल?’ दुसरा: ‘ओळखीचा एक जण दोन हजार द्यायला तयार आहे, देऊ का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला एका गोमंतकीयाच्या आधाराने दिले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद बौद्ध विद्येचे पंडित, मूळ सांखवाळचे. दामोदर कोसंबी पेशाने गणिती. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. भारतीय इतिहासावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५६ सालचा. नाण्यांकडे ते वळले ते गणिताच्या अंगाने. आपल्या देशातील अगदी जुनी चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली नाणी, यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही. मग कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कसे ठरवणार?

कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार असा होता: टांकसाळीतून निघताना एका जातीची नाणी जवळजवळ एका वजनाची असतात. मग ती हातातून हातात जातात, कमरेच्या कशात घासतात, गल्ल्यात आपटतात. दर वर्षी अगदी सूक्ष्म वजन कमी होते. एका नाण्यावरून काही कळत नाही, पण शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर झीज काळाबरोबर नियमाने वाढताना दिसते. हे खरे की नाही, हे तपासायला त्यांनी आधी आपल्या काळातील चलनातली साधी नाणी हजारोंनी वजन केली, कारण त्यांच्यावर साल छापलेले असते. नियम हाती आल्यावर तो त्यांनी जुन्या आहत नाण्यांना लावला. त्या नाण्यांच्या मागील बाजूस बारीक खुणा असतात. कोसंबींनी दाखवले की खुणा जितक्या जास्त तितके सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा नाणे तपासणाऱ्या सराफांच्या असाव्यात आणि नाणे जितके जुने तितक्या त्या अधिक. ज्यावर एक अक्षर नाही अशा नाण्याला त्यांनी वजनावरून बोलते केले.

मित्रांनो, एकेक नाणे उचलायचे, तराजूत ठेवायचे, आकडा लिहायचा, पुन्हा पुढचे नाणे. हजारो वेळा. यात कोणती साहसकथा आहे? पण प्राचीन भारताच्या नाण्यांचा अभ्यास त्या कामाने शास्त्राच्या पायावर आणला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. नाण्याला चिंच-राख लावून चकचकीत केले की त्याच्या अंगावरचा धातू जातो आणि वजन बदलते. जे वजन शतकांचा हिशेब सांगणार होते, ते आपण अर्ध्या तासात पुसून टाकतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सरासरी काढायला सगळा साठा एकत्र लागतो. एका हंड्यातली आठशे नाणी सापडली आणि त्यांतली चांगली दिसणारी पन्नास कोणी खिशात घातली, तर उरलेल्या साडेसातशेंची सरासरी खोटी बोलू लागते. चांगली दिसणारी म्हणजे कमी झिजलेली, म्हणजे बहुधा सर्वांत शेवटची. साठा कोणत्या काळात पुरला गेला हे तीच सांगणार होती.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, ‘घासू नकोस. सुकू दे, कागदात ठेव, वहीत लिही.’ तो म्हणाला, ‘पण सर, एकच तर आहे.’ मी म्हटले, ‘एकच आहे हे तुला आज कसे कळले?’

आता सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट सांगतो, कारण धीर या शब्दाचा अर्थ मला तिने नीट समजावला. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात हॉक्स्नी नावाचे खेडे आहे. १९९२च्या नोव्हेंबरात तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज या आपल्या ओळखीच्या निवृत्त माणसाला बोलावले. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला मेटल डिटेक्टर त्यांच्याजवळ होता. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. थोडे काढल्यावर लॉज थांबले. हात आवरला. जमिनीची मालकी तेथील परगण्याच्या परिषदेकडे होती, तिला आणि पोलिसांना त्यांनी कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी उरलेला ठेवा जसा होता तसा, थरासकट उचलला.

त्यामुळे काय झाले? रोमन राजवटीच्या अखेरीचा, जवळपास पंधरा हजार नाण्यांचा तो साठा लाकडी पेटीत ठेवलेला होता, आणि पेटीच्या आत आणखी लहान पेट्या होत्या, हे कळले. काय कशाशेजारी ठेवले होते, हेही कळले. नाणी इसवी सन ४०७-४०८ पर्यंतची आहेत, म्हणजे त्यानंतर केव्हातरी ती पुरली गेली. चांदीच्या नाण्यांपैकी पुष्कळांच्या कडा कातरलेल्या आहेत. रोमहून नवे चलन येणे थांबले तेव्हा लोक जुन्याच नाण्यांची कड कापून चांदी काढत होते, पण मधला राजाचा चेहरा शाबूत ठेवत होते. एक राजवट जाताना सामान्य माणसाच्या हातातल्या पैशाचे काय होते, हे त्या कातरलेल्या कडांनी सांगितले. एरिक लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हरवलेला हातोडाही सापडला, आणि तोही त्याच संग्रहालयात आहे.

धीर म्हणजे वाट पाहणे असे आपण समजतो. चार महिने, चार वर्षे फिरत राहणे हा धीर आहेच. पण त्याहून अवघड धीर शेवटच्या क्षणी लागतो. समोर सोने दिसत असताना कुदळ खाली ठेवायची. आपल्या आज्यांच्या गोष्टीतला धनावरचा राखणदार मला इथे आठवतो. घाईने हात घालणाऱ्याला तो डसतो. जो विचारून, थांबून, नियम पाळून येतो, त्याला वाट देतो. त्या गोष्टी सांगणाऱ्यांना जमिनीखालचे धन म्हणजे कोणीतरी ठेवलेली ठेव आहे आणि तिला मालक आहे, हे ठाऊक होते.

दूरचे उदाहरण सांगितले म्हणून आपल्या माणसांचे विसरू नये. २०२५च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, नानोडा-बांबर येथे एका शेतकऱ्याला आपल्या काजूच्या भाटात नाणी सापडली. तब्बल ८३२ तांब्याची नाणी. त्याच्या हातात यंत्र नव्हते. ती नाणी त्याने सरकारच्या हवाली केली. ती सोळाव्या-सतराव्या शतकातील, पोर्तुगीज अमदानीतील असावीत, असा प्राथमिक अंदाज तेव्हा जाहीर झाला. आठशे बत्तीस हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. कारण कोणीतरी सगळी मोजली आणि सगळी दिली. कोसंबींचा तराजू लावायला असा साठा लागतो. त्या शेतकऱ्याने काव्यशास्त्राचा नि नाणकशास्त्राचा अभ्यास केला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण नाणकशास्त्राला जे हवे होते ते त्याने दिले.

येथे विद्यार्थ्यांच्या मनातली एक भीती दूर करतो. गावोगावी समज आहे की जमिनीत काही सापडले आणि सरकारला कळवले तर सगळे जाते, वर पोलिसांचा ससेमिरा. या भीतीपोटी किती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असतील! आपल्या देशात १८७८ सालचा निखात निधी अधिनियम आहे. मातीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. शंभर वर्षांच्या आतला कोणी हक्कदार पुढे आला नाही आणि वस्तू बेवारस ठरली, तर हा कायदा सापडवणाऱ्याला चोर समजत नाही. त्याच्यात आणि जमीनमालकात वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि चौथा हिस्सा जमीनमालकाला, असा त्यात उल्लेख आहे. सरकारला ती वस्तू संग्रहासाठी हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ती घेता येते. कळवले नाही तर मात्र हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. त्याखेरीज १९७२चा पुरावशेषविषयक कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र घेऊन उकरायला जाणे हा तर सरळ गुन्हा आहे. देवळाच्या परिसरात, किल्ल्याच्या तटाखाली, दुसऱ्याच्या भाटात यंत्र घेऊन जायचे नाही. हे मी कायदेपंडित म्हणून सांगत नाही, शिक्षक म्हणून सांगतो.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच दिले. त्याने अर्ज लिहिला. साधा, अर्ध्या पानाचा, मराठीत. नाणे, चौकोन क्रमांक, खोली, तारीख, जमीन कोणाची. मी त्यात एक अनुस्वार सुधारला. दोन हजार रुपये देणारा माणूस त्याला नंतर म्हणाला, ‘वेडा आहेस.’ तो मला म्हणाला, ‘सर, त्याने मला नाणे कुठे सापडले ते एकदाही विचारले नाही.’ पदव्युत्तर वर्गात शिकवण्यासारखे वाक्य आहे ते.

आता आपल्या घरच्या प्रांतात, भाषेत येतो. नाणे हा मजकूर आहे, पुस्तकातल्या मजकुरासारखाच वाचता येतो. आपल्याच तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे. हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे, गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. पोर्तुगीजांनी तेथील देऊळ पाडल्यावर ते नार्व्याला आले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. या देवाचे नाव कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर आहे. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत राजाचे नाव, आणि राजाला सप्तकोटीश्वराकडून वरप्रसाद लाभला आहे अशा अर्थाचे विशेषण. काही नाण्यांवर संवत्सराचे नावही आहे. बोटाच्या पेराएवढ्या सोन्याच्या चकतीवर देव, राजा, वर्ष आणि लिपी. उद्या असे नाणे बाजारात मिळाले तर ते सोन्याचे नाणे आहे. तेच नार्व्याच्या, दिवाडीच्या किंवा आमोण्याच्या मातीत, नोंद करून मिळाले, तर त्या काळी माणसे नि माल नदीच्या कोणत्या काठाने फिरत होते, याचा तो पुरावा होईल. नाणे तेच. फरक फक्त ठिकाणाच्या नोंदीचा.

नाण्यांबरोबर शब्दही पुरले जातात. अफोंस द अल्बुकर्कने १५१० साली गोव्यात टांकसाळ घातली. तेव्हापासून किती नावे इथल्या बाजारात फिरली! तांब्याचे बाजारूक, चांदीचे शेराफीन, तांग, रेइश. एका रुपयाला सोळा तांग. दोडामार्गाच्या पलीकडे रुपयाला सोळा आणे, अलीकडे सोळा तांग. भारतात १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि आणे गेले. इकडे तांगांची जागा मुक्तीच्या थोडे आधी एस्कुदोने घेतली, आणि १९६१ नंतर तोही गेला. घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, ‘तांगाला काय मिळायचे?’ उत्तरात तुम्हाला बाजाराचा वार, होडीचे भाडे, पावाचा आकार, सारे मिळेल. हे विचारायला यंत्र लागत नाही, पण वेळ फार थोडा उरला आहे.

मराठीत तर नाण्यांचा मोठा साठा शाबूत आहे, फक्त तो वाक्प्रचारांत पुरलेला आहे. सोळा आणे खरे. पै-पैचा हिशेब. दमडीची किंमत नाही. फुटकी कवडी देणार नाही. पावली कमी असलेला माणूस. दाम करी काम. यांतला ‘दाम’ संस्कृत ‘द्रम्म’मधून आला आणि ‘द्रम्म’ ग्रीकांच्या द्राख्मामधून. ‘होन’ कन्नडातून आला, ‘होन्नु’ म्हणजे सोने. आपण भाजीवालीशी घासाघीस करतो तेव्हा आपल्या तोंडून ग्रीक आणि कन्नड बोलत असतात. कोसंबींच्या नाण्यांसारखेच हेही शब्द वापरून वापरून झिजले आहेत. वर्गात मी ‘पावली’ म्हणतो तेव्हा मुलांच्या डोळ्यांसमोर पाऊल येते, रुपयाचा चौथा हिस्सा येत नाही. शब्द अजून चालतो, पण त्याच्यावरचा ठसा पुसला आहे. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला, त्यात अशा शब्दांचे मूळ ठसे पाहायला मिळतात. कोश उघडा आणि तिथे थोडा वेळ बसा.

लेखकमित्रांना एक विनंती. आपण गावच्या बोलीतला एखादा शब्द उचलतो, चकचकीत करतो आणि कथेत बसवतो. वाचक म्हणतो, वा! पण तो शब्द कुठल्या वाड्यावरचा, कोण बोलते, कोणत्या प्रसंगी बोलते, रागाने की मायेने, हे निसटले की त्याचे अर्धे वजन गेले. चिंच-राख लावलेल्या नाण्यासारखाच तो चमकतो नि मुका होतो.

शिक्षकांना दुसरी विनंती, आणि ही अगदी व्यवहाराची आहे. प्रत्येक शाळेत, प्रत्येक महाविद्यालयात एक जाड वही ठेवा. तिला ‘सापडल्याची वही’ म्हणा. विद्यार्थ्याला भाटात नाणे सापडले, नांगराला कोरीव चिरा लागला, माळ्यावर मोडी कागदाची पुरचुंडी मिळाली, आजीच्या तोंडी न ऐकलेला शब्द आला, तर त्या वहीत पाच गोष्टी लिहायच्या: काय, कुठे, कधी, कोणाला आणि आजूबाजूला काय होते. वस्तू शाळेने ठेवायची नाही. नाणे असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, पुरातत्त्व खात्याला कळेल. पण नोंद आपल्याकडे राहील. आपल्या भागात माती फार हलते आहे. चिरेखणी आहेत, रस्ते रुंद होत आहेत, घरांची जोती खणली जात आहेत, खनिजाचे डोंगर उचलले गेले आहेत. ट्रकात भरलेल्या मातीबरोबर जे गेले त्याचा पत्ता कोणत्याही यंत्राला लागणार नाही. निदान जे डोळ्यांसमोर वर येते, त्याला ठिकाण असावे.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. घेतलेत तर आधी वही घ्या. घरच्या जमिनीपलीकडे परवानगीशिवाय जाऊ नका. खड्डा केलात तर बुजवा, काजूच्या मुळांना धक्का लावू नका. एकापाठोपाठ दोन नाणी निघाली तर तिसऱ्यासाठी हात घालू नका, माणसे बोलवा. आणि महिनोन्महिने बुचांखेरीज काही मिळाले नाही, तर तीही नोंद आहे. जिथे काही नाही ते ठिकाण नक्की कळणे, हेही ज्ञानच. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वहीत आज एकशे दहा नोंदी आहेत. त्यांत नाणे एक. ते पुरते वाचता आलेले नाही, कदाचित येणारही नाही. पण आजीने सांगितलेली पायवाट खरी होती आणि तिच्यावरून कोणीतरी पैसे घेऊन जात होते, एवढे त्या एका नाण्याने सिद्ध केले. ती पायवाट आज कोणत्याही नकाशावर नाही. फक्त त्या वहीत आहे.